हातात येईल ते नाणं कोंबू नका!

भुसावळच्या भंगारातून आणलेलं स्टेशनवरचं वजनाचं यंत्र मी घरी दुरुस्त करतोय. आणि येईल तो पाहुणा त्यात नाणं कोंबतोय! अरे भो, 1992 च्या मालिकेतला रुपया 25 मिलिमीटरचा, 4.85 ग्रॅमचा. 2011 च्या मालिकेतला 22 मिलिमीटरचा, चार ग्रॅमही भरत नाही. जुन्या रुपयावर बेतलेली दांडी या हलक्या नाण्यानं कशी खाली जाईल? ते आडवं होऊन खाचेतच रुततं. मग वरून बुक्क्या! बुक्क्यांनी कधी काही दुरुस्त झालंय? एकानं तर शिलाई मशीनचं तेल ओतलं. मे महिन्याच्या धुळीत त्याचा काळा चिकटा झाला, पितळी चाकांच्या दात्यांत जाऊन बसला. आता सुईनं एकेक दाता खरवडत बसा! वर विचारतात, "अजून चालू नाही झालं?" हात लावण्याआधी विचारायला काय जातं रे तुमचं?