‘मार्कअपने काही फरक पडत नाही’ : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे : सर्च इंजिने आता मजकुराचा अर्थ लावतात, व्हॅलिडेटरमध्ये (पानाच्या कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनात) ढीगभर चुका दाखवणारी मोठी संकेतस्थळेही पहिल्या पानावर असतात, आणि स्कीमा (पानावर काय आहे हे यंत्राला सांगणारी कोडमधली नोंद) लावूनही आपल्या पानाचा क्रमांक तसूभर हलला नाही, तेव्हा मार्कअपच्या, म्हणजे पानाच्या कोडमधल्या टॅगांच्या, मागे लागण्याचा माझा सल्ला कालबाह्य आहे.

यातला बराचसा भाग मला मान्यच आहे. कीवर्ड्‌स मेटा टॅगचा (पानाचे मुख्य शब्द नोंदवणाऱ्या टॅगचा) क्रमवारीसाठी उपयोग करत नसल्याचे गूगलने २००९ सालीच जाहीर केले होते, तरी तो भरून देण्याचे पैसे घेणारे अजूनही आहेत. मेटा डिस्क्रिप्शनमुळे, म्हणजे कोडमध्ये दिलेल्या पानाच्या सारांशामुळे, क्रमांक वर जात नाही. निकालाखाली दिसणाऱ्या दोन ओळी तिथून घेतल्या जाऊ शकतात, आणि त्याही गूगलला योग्य वाटल्या तरच. एका पानावर दोन एच१ (मुख्य शीर्षकाचे टॅग) असल्याने आकाश कोसळत नाही. व्हॅलिडेटरच्या शून्य चुकांना क्रमवारीत गुण नाहीत.

पण बहुतेक चुका निरुपद्रवी आहेत, म्हणून सगळ्याच तशा आहेत, असे म्हणणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. एक चूक जवळून पाहू. एखादे प्लगइन (संकेतस्थळाला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) किंवा जाहिरातीचा कोड पानाच्या हेड विभागात, म्हणजे पानाविषयीची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागात, मधेच एक डिव्ह (मजकुराचा गट करणारा टॅग) किंवा आयफ्रेम (पानात दुसरे पान दाखवणारी चौकट) घालतो. एचटीएमएलच्या नियमांनुसार हेडमध्ये या घटकांना जागा नाही. त्यामुळे पार्सर (कोड वाचून पान उभे करणारा प्रोग्रॅम) चूक दाखवत थांबत नाही, तर हेड तिथेच संपले असे समजून बॉडी, म्हणजे वाचकाला दिसणारा भाग, सुरू करतो, आणि त्याखाली लिहिलेले कॅनॉनिकल (पानाचा मुख्य पत्ता सांगणारा) आणि एचरेफलँग (पानाच्या इतर भाषांतल्या आवृत्त्या सांगणारा) हे टॅग आपोआप बॉडीत जाऊन पडतात. बॉडीतले कॅनॉनिकल गूगल विचारात घेत नाही. परिणामी एकच लेख छपाईच्या आवृत्तीसह तीन-चार पत्त्यांवर उपलब्ध असेल, तर त्यातला मुख्य पत्ता कोणता हे आपण सांगितलेले असूनही सांगितले नसल्यासारखेच होते. वाचकाला यातले काहीच दिसत नाही. ‘व्ह्यू सोर्स’मध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, कॅनॉनिकल टॅग जिथल्या तिथे दिसतो; ‘इन्स्पेक्ट’मध्ये, म्हणजे ब्राउझरने प्रत्यक्ष उभ्या केलेल्या रचनेत, पाहिले तरच तो बॉडीत गेल्याचे कळते. मजकूर कितीही सकस असला तरी त्याने ही अडचण सुटत नाही.

दुव्यांचेही तसेच. गूगलचा क्रॉलर (पानोपानी फिरून ती वाचणारा प्रोग्रॅम) खात्रीने माग काढतो तो एचरेफ, म्हणजे दुव्याचा पत्ता, असलेल्या अँकर टॅगचा. स्पॅन या साध्या टॅगला ऑनक्लिक (दाबल्यावर चालणारा कोड) जोडून बनवलेले ‘आणखी लेख’ हे बटण माणसाला दुवा वाटते, क्रॉलर मात्र बटणे दाबत नाही. साइटमॅपमुळे (संकेतस्थळावरच्या पानांच्या यादीमुळे) ती पाने कदाचित सापडतीलही, पण आपल्याच इतर पानांवरून, अर्थपूर्ण शब्दांत त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा लाभ हातचा जातो. आणि एखादे पान निकालांत नको म्हणून नोइंडेक्स (पान निकालांत दाखवू नका असे सांगणारा टॅग) लावायचे, वर रोबोट्‌स डॉट टीएक्सटीमध्ये (क्रॉलरने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलीत) त्याच पानाला मज्जावही करायचा, हा प्रकार तर फारच आढळतो. क्रॉलरला आत येऊच दिले नाही तर त्याने नोइंडेक्स वाचायचा कसा?

मोठ्या संकेतस्थळांचे उदाहरण मला म्हणूनच पटत नाही. जगभरातून ज्यांच्याकडे दुवे येतात, त्यांच्या पानांतले दोष खपून जातात. नव्या, लहान संकेतस्थळाच्या पाठीशी तेवढी पुण्याई नसते.

राहिला स्कीमाचा प्रश्न. आपला क्रमांक हलला नाही, यात नवल नाही, कारण ते त्याचे कामच नव्हे. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ साली स्कीमा डॉट ऑर्ग सुरू केले, ते पानावर काय आहे हे यंत्राला निःसंदिग्धपणे सांगता यावे म्हणून. त्यातून मिळते ती निकालात तारे, किंमत, छायाचित्र असे काही दिसण्याची पात्रता, हमी नव्हे. ही पात्रताही कायमची नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने प्रश्नोत्तरांचे विस्तारित निकाल मोजक्या नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरते मर्यादित केले, तेव्हा प्रत्येक लेखाखाली ओढूनताणून प्रश्नोत्तरे जोडणाऱ्यांची मेहनत पाण्यात गेली. पानावर जे वाचकाला खरोखर दिसते, तेवढेच स्कीमात लिहावे, हे माझे मत म्हणूनच कायम आहे. न दिसणारी माहिती त्यात भरणे हा तर गूगलच्या नियमांचाच भंग आहे.

आपल्या पानाबद्दल एक सुचवतो. सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळचालकांसाठीच्या साधनातल्या यूआरएल तपासणीत त्याचा पत्ता टाकून आपण घोषित केलेले कॅनॉनिकल कोणते दिसते ते पाहावे. सोर्समध्ये टॅग असूनही तिथे ते रिकामे दिसले, तर हेडमध्ये त्या टॅगच्या वर असलेली प्रत्येक ओळ तपासावी, आणि सुरुवात प्लगइनने घातलेल्या ओळींपासून करावी.