‘साथीत लोकांना विचारत बसायला वेळ नसतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

साथ आली की एक मजकूर हातोहात फिरू लागतो. त्याचा आशय साधारण असा असतो: ही वेळ समित्यांची नाही, त्यात दिवस वाया जातात, लोक खरं सांगत नाहीत, म्हणून सक्तीच हवी, वैद्यकीय काम सामान्य माणसाला जमत नाही, आणि स्वयंसेवक घरोघर फिरले तर तेच आजार पसरवतात. प्रत्येक मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटतो. पण त्यातून काढलेला ‘साथीत लोकसहभाग नको’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो मानला तर रुग्ण उशिरा सापडतात.

‘वेळ जातो.’ सभा भरवली तर जाईलच. पण लोकसहभाग म्हणजे सभा नव्हे. वस्तीचे वीस-पंचवीस घरांचे गट पाडायचे, प्रत्येक गटासाठी त्याच गल्लीतला एक माणूस नेमायचा आणि त्याच्या हाती एक वही द्यायची. घरात माणसं किती, साठीच्या पुढचं कोण, मधुमेह किंवा दमा कोणाला, गरोदर कोण, डायलिसिसला कोण जातं, एकटं कोण राहतं, एवढंच वहीत हवं. गल्लीतल्या माणसाची ही यादी दोन संध्याकाळींत होते, कारण अर्धी त्याला पाठच असते. दाराला आतून कडी दिसली आणि कोणी ओ दिली नाही, तर बाहेरून आलेलं पथक ‘प्रतिसाद नाही’ लिहून पुढे जातं. शेजाऱ्याला ठाऊक असतं की त्या माणसाची रात्रपाळी आहे आणि तो दुपारी चारला उठतो.

‘लोक लपवतात, म्हणून सक्ती.’ लपवतात हे खरं, पण कारण आणि परिणाम यांची इथे उलटापालट झाली आहे. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सैनिकांनी घरांच्या झडत्या घेतल्या, आणि त्या भीतीनं लोक रोगी लपवू लागले. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया इथल्या वेस्ट पॉइंट वस्तीला ईबोलाच्या साथीत २० ऑगस्ट २०१४ रोजी सैनिक आणि पोलिसांनी वेढा घातला. झटापटीत गोळीबार झाला, एका किशोरवयीन मुलाचा जीव गेला, आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. त्याच साथीत अंत्यविधींतून संसर्ग पसरत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं नव्या संसर्गांपैकी किमान २० टक्के. तरीही कुटुंबांना पूर्ण वगळलं की विधी गुपचूप होत. म्हणून नोव्हेंबर २०१४ मध्ये संघटनेनं दफनाची पद्धत बदलली. मृतदेह प्रशिक्षित पथकच हाताळेल, पण कुटुंब आणि धर्मगुरू सहभागी होतील, प्रार्थना होईल, अंत्यदर्शन घेता येईल.

माणूस संपर्कातल्यांची नावं का दडवतो, याचा हिशोब साधा आहे. नाव सांगितलं की त्या माणसाची मजुरी बुडणार. त्यामुळे प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी विचारायचं, ‘घरात औषधं किती दिवस पुरतील? सामान कोण आणून देईल?’ मग लक्षणं, आणि नावं शेवटी. ‘कोणाकोणाला भेटलात?’ या प्रश्नाला ‘कोणालाच नाही’ असंच उत्तर मिळतं. कोविडमध्ये लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून सुरुवात करून एकेक दिवस उलगडायचा: सकाळी कुठे होतात, कशातून गेलात, शेजारी कोण बसलं होतं, जेवताना समोर कोण होतं. संपर्कातल्या माणसाला रुग्णाचं नाव कधीही सांगायचं नाही. आणि कबूल केलेली मदत त्याच दिवशी पोचली नाही, तर दुसऱ्या दिवशी पुढच्या दहा घरांत तोंडं बंद होतात.

‘सामान्यांना जमत नाही.’ निदान आणि औषध हे त्यांचं काम नाहीच. कोविडमध्ये ऑक्सिजनची गरज नसलेल्या रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तर फायदा होत नाही, अपाय होऊ शकतो. म्हणून वहीत औषधाचा रकानाच नको. पण ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र, वापरणं अर्ध्या तासात शिकता येतं. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवायचं, नखाचा रंग काढायचा, बोटं गार असतील तर चोळून ऊब आणायची, हात स्थिर ठेवायचा आणि आकडा ठरेपर्यंत मिनिटभर थांबायचं. ९४ किंवा कमी आला तर डॉक्टरांना कळवायचं. ९० च्या खाली गेला तर लगेच रुग्णालय. सावळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून धाप लागलेली दिसली तर आकड्यावर विसंबायचं नाही. हमखास होणारी चूक वेगळीच असते: पडद्यावर दोन आकडे असतात आणि नाडीचे ९६ ठोके ऑक्सिजनच्या रकान्यात लिहिले जातात. वहीत दोन्ही रकाने आखून घेतले की ही चूक बरीच कमी होते.

जंतुनाशकाचंही तसंच. ५ टक्क्यांच्या ब्लीचचं ०.१ टक्क्याचं द्रावण करायला २०० मिलिलिटर ब्लीचमध्ये ९.८ लिटर पाणी लागतं. पृष्ठभाग आधी साबणानं धुवायचा, नाहीतर क्लोरीन मळावरच खर्च होतो. द्रावण रोज ताजं करायचं. त्यात आम्लाचं क्लीनर कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. माणसांवर फवारणी तर अजिबात नको. ती निरुपयोगी आणि घातक आहे.

‘स्वयंसेवकच आजार पसरवतात.’ चारांपैकी हा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. ढिसाळपणे काम केलं तर खरंच तसं होतं. श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात उंबरठा ओलांडायचा नाही, मास्क लावायचा, दोन मीटर अंतरावरून दोन-तीन मिनिटांत बोलणं संपवायचं. ऑक्सिमीटर रुग्णाच्या घरीच ठेवायचा. ते शक्य नसेल तर प्रत्येक वापरानंतर ७० टक्के अल्कोहोलनं पुसायचा. आपल्या गटाबाहेर जायचं नाही. वयस्कर आणि आजारी स्वयंसेवकांनी फोनवरचं काम घ्यावं. प्रत्येकाला एक बदली माणूस आधीच ठरलेला असावा, म्हणजे अंगात कणकण वाटली की त्याच दिवशी घरी थांबता येतं. मानधन नसेल तर हे सगळं कोलमडतं, कारण रोजगार सुरू होताच माणूस निघून जातो, किंवा ताप लपवून फिरत राहतो.

लोकसहभाग फसतो तो बहुतेक वेळा त्या फिरणाऱ्या मजकुरात नसलेल्या कारणानं. यादी घरमालकाला विचारून केली जाते आणि भाडेकरू, पोटभाडेकरू, कालच कामाला आलेले मजूर तिच्यात येतच नाहीत. संसर्ग मात्र त्यांच्याच दाटीच्या खोल्यांत आधी वाढतो. म्हणून वही भरताना दारं मोजायची नाहीत, चुली मोजायच्या. एका दारामागे तीन चुली पेटत असतील, तर वहीत तीन ओळी हव्यात.