डोंबिवलीकर, जिन्यावर अडकलेल्या माणसानं शिस्त पाळायची म्हणजे काय करायचं?

डोंबिवलीकर, स्टेशनांवरच्या चेंगराचेंगरीबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'साताऱ्यात बसून मुंबईच्या स्टेशनांवर लिहायला काय जातंय? एल्फिन्स्टनला पूल पडलाच नव्हता. अफवा उठली आणि बेशिस्त लोकांनी एकमेकांना तुडवलं. दरवेळी रेल्वेवर खापर कशाला?' असं तुमचं म्हणणं.

आधी साताऱ्याचं. परळ-लालबागच्या चाळींत जावळी-पाटणची माणसं किती पिढ्या राहिली, ते मुंबईकराला सांगायला नको. गिरण्या गेल्या, तिथं काचेची ऑफिसं आली. जिने काही त्या मानानं वाढले नाहीत.

29 सप्टेंबर 2017, एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनचा पादचारी पूल, सकाळी साडेदहाचा सुमार. पावसाची जोरदार सर आली, तशी माणसं बाहेर पडायची सोडून पुलावर छपराखालीच थबकली. परळ आणि एल्फिन्स्टन, दोन्हीकडच्या लोकलमधून उतरलेले मात्र वर येतच होते. अफवा उठली, मान्य. पण तोवर जिन्यावर पाय हलवायला जागा उरली नव्हती. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली गेली की कोण कुणाला ढकलतंय हा प्रश्नच उरत नाही. गर्दी नेईल तिकडं जायचं. अशा वेळी माणसं तुडवली जाण्यापेक्षा छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून जास्त मरतात, पुष्कळदा उभ्याउभ्याच. 23 जण गेले.

नंतर लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये नवा पूल खुला झाला. पाच महिन्यांत! म्हणजे अशक्य काहीच नव्हतं.

15 फेब्रुवारी 2025 ला नवी दिल्ली स्टेशनवर कुंभाला निघालेले 18 जण गेले, तेही जिन्यावरच. नावात 'प्रयागराज' असलेल्या एकाहून जास्त गाड्या, त्यात घोषणेचा घोळ. ट्रंक डोक्यावर घेतलेल्या बाईनं तिथं कोणती शिस्त पाळायची होती?

आणि हे आम्हाला मुंबई-दिल्लीकडून शिकावं लागलं नाही. 25 जानेवारी 2005 ला आमच्या वाई तालुक्यात, मांढरदेवच्या यात्रेत, तीनशेच्या आसपास भाविक गेले. अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या. तेव्हाही पारावर 'लोकांनाच शिस्त नाही' ऐकलं होतं. पुढं तिथं नारळ फोडण्यावर बंदी आली, तो खरा इलाज. उपदेशानं पायरी कोरडी होत नाही.

रूळ ओलांडणाऱ्यांचा दोष त्यांचाच, हेही तुम्ही लिहिलंय, ते बरोबर आहे. पूल असताना रुळांवरून जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण तो स्वतःहून खाली उतरतो. तुम्ही संध्याकाळी सातच्या गर्दीत डोंबिवलीला उतरून जिन्याला लागता, तेव्हा पुढचं पाऊल तुमच्या मर्जीनं पडतं का, तेवढं कळवा.