गप्प बसण्याचा भाव, शेअरमागे २३ सेंट

ठाण्यात नौपाडा, घंटाळी, पाचपाखाडीतल्या बऱ्याच घरांत डिमॅट खातं आईबाबांच्या नावावर, त्याला जोडलेला ई-मेल मुलाचा आणि मुलगा बंगळुरूत नाहीतर परदेशात. कंपनीची पोस्टल बॅलटची (ठरावावर घरबसल्या मत देण्याची) नोटीस जाहिरातींच्या ढिगात पडून राहते. कोणी आठवण केलीच तर उत्तर ठरलेलं: आपल्या साठ शेअरनी काय फरक पडतोय! असं वाटणाऱ्यांनी संगणक बनवणारी डेल कंपनी शेअर बाजारातून बाहेर पडून खासगी कशी झाली ते एकदा नीट बघावं.

मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये टेक्सासच्या विद्यापीठात शिकत असताना वसतिगृहाच्या खोलीत ही कंपनी सुरू केली. १९८८ मध्ये ती शेअर बाजारात आली. पुढे पीसीचा धंदा आटायला लागला, दर तिमाहीला बाजारासमोर हजेरी द्यायची कटकट नको झाली, आणि ५ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यांनी सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीला बरोबर घेऊन सगळे शेअर परत घेण्याचा प्रस्ताव मांडला. भाव १३.६५ डॉलर, सौदा २४.४ अब्ज डॉलरचा. मायक्रोसॉफ्टने २ अब्जांचं कर्ज दिलं, बँकांनी त्याहून कितीतरी जास्त. हे कर्ज फेडायचं कोणी? कंपनीनेच.

खरेदीदार आणि सीईओ एकच माणूस. घराचा दलालच घर विकत घ्यायला निघावा तसं. म्हणून अट अशी होती की मायकेल यांचे स्वतःचे शेअर बाजूला ठेवून उरलेल्यांचं बहुमत लागेल, आणि जो मत देणार नाही त्याचं मत विरोधात धरलं जाईल. बडे गुंतवणूकदार कार्ल आयकान यांनी भाव कमी म्हणून मोहीम उघडली. १८ जुलैची सभा पुढे ढकलावी लागली, कारण मतं पुरेनात. जवळजवळ पाव हिस्सा शेअरांचं मतच पडलं नव्हतं.

मग घासाघीस झाली. मायकेल यांनी भाव १० सेंटनी वाढवून १३.७५ केला, वर १३ सेंटचा खास लाभांश. बदल्यात अट फिरवली: फक्त पडलेली मतं मोजायची. म्हणजे गप्प बसलेल्यांचा नकार शेअरमागे २३ सेंटला विकला गेला, आणि त्यांना पत्ताही नसेल. १२ सप्टेंबरला ठराव मंजूर, २९ ऑक्टोबरला कंपनी बाजाराबाहेर. मायकेल यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी उघडपणे किंमत विचारली आणि मोजली. कंपनी डिसेंबर २०१८ मध्ये बाजारात परत आली, पण शेअर देऊन बसलेल्यांना परतीचं तिकीट नव्हतं.

मत चुकलं तर काय होतं तेही याच सौद्यात दिसलं. टी. रो प्राइस ही मोठी फंड कंपनी विरोधात होती, पण सभेच्या तारखा बदलण्याच्या गोंधळात तिच्या मतदान-यंत्रणेतून चुकून 'होय' गेलं. जास्त भावासाठी कोर्टात जायचा हक्क त्याच क्षणी संपला. २०१६ मध्ये तिला आपल्या ग्राहकांना १९.४ कोटी डॉलर भरून द्यावे लागले.

आता आपल्याकडचा नियम. तो मुळातच डेलच्या दुसऱ्या अटीसारखा आहे. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या २०२१ च्या नियमांनुसार डीलिस्टिंगच्या (कंपनी बाजारातून काढून घेण्याच्या) ठरावाला प्रवर्तक, म्हणजे कंपनीचे मुख्य मालक, सोडून इतरांची बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान दुप्पट लागतात. न दिलेलं मत कुठेच मोजत नाहीत. समजा, लोकांकडे २६ लाख शेअर आहेत. ३ लाख बाजूने, १ लाख विरोधात, बाकी २२ लाख झोपलेले: ठराव पास. विरोधात आणखी ६० हजार आले असते तर नापास. तुमच्यासारखी साठ-साठ शेअरवाली हजार घरं जागी असती तरी पुरलं असतं.

ठराव झाल्यावर भाव. उलट बोलीत भाव भागधारक सांगतात. वरच्याच कंपनीचे एकूण १ कोटी शेअर, प्रवर्तकाचे ७४ लाख. डीलिस्टिंगला लागणाऱ्या ९० टक्क्यांपर्यंत जायला त्याला १६ लाख हवेत. ५०० रुपयांना ६ लाख आले, ५४० ला ५ लाख, ६०० ला ४ लाख, ७५० ला २ लाख. बेरीज ६, ११, १५, १७. सोळावा लाख ७५० च्या बोलीत पडतो, म्हणून भाव ७५०, आणि ५०० लिहिणाऱ्यालाही ७५०च. प्रवर्तकाला परवडलं नाही तर तो भाव नाकारू शकतो. ९०० लिहून बसलेला मात्र बाहेर राहतो. ऐरोलीत ज्यांचं मोठं आवार होतं त्या पटनी कॉम्प्युटर्सच्या वेळी, २०१२ मध्ये, असाच ५२० रुपये भाव निघाला आणि तिची प्रवर्तक कंपनी आयगेटने तो मान्य केला. २०२४ पासून ठरावीक भावाचाही पर्याय आलाय, फ्लोअर प्राइसच्या (नियमाने ठरणाऱ्या किमान भावाच्या) निदान १५ टक्के वर. त्यात आकडा लिहायचा नाही, घ्या किंवा सोडा.

बोलीची खिडकी फक्त ५ कामकाजी दिवस. शेवटच्या दिवशी ब्रोकरचं ॲप एक्स्चेंजच्या बरंच आधी बंद होतं, त्यामुळे तो दिवस धरूच नका. शेअर तारण असतील तर आधी सोडवून घ्या, नाहीतर बोली लागणारच नाही.

खिडकी हुकली तर डीलिस्टिंगनंतर निदान एक वर्ष त्याच भावाने शेअर देता येतात. 'मग घाई कशाला?' इथेच लोक फसतात. खिडकीतून दिलेल्या शेअरवर एसटीटी (बाजारातल्या शेअर व्यवहारावरचा कर) कापला जातो, म्हणून दीर्घ मुदतीच्या नफ्यातले पहिले सव्वा लाख (बाकीच्या अशा नफ्यासकट) करमुक्त. नंतर दिलेत तर व्यवहार बाजाराबाहेरचा: सूट नाही, पहिल्या रुपयापासून साडेबारा टक्के, आणि दीर्घ मुदत मोजायची ती १२ नव्हे, २४ महिन्यांनी. शिवाय ॲपमध्ये विक्रीचं बटणच नसतं. एक्झिट ऑफरचा फॉर्म भरायचा, डिमॅटची स्लिप भरून शेअर त्या ऑफरसाठीच्या खास खात्यात पाठवायचे, आणि स्लिपवरची सही वीस वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळली पाहिजे. बाबांचा हात आता थरथरत असेल तर सही बदलून घ्यायचं काम आधी करा.