पहाटे चारचे बार, रात्री बाराची सिस्टीम

आलबोरादाचा, म्हणजे आम्ही राहतो त्या मेक्सिकोतल्या गावच्या पहाटेच्या आतषबाजीचा, व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा कोल्हापुरात दुपारचे साडेतीन वाजले होते. मावसभावाने तो लगेच आणखी दोन-तीन ग्रुपांवर ढकलला. सोबत स्वतःचा मजकूर: ‘हे बघा मेक्सिको. पहाटं चारला देवळासमोर बार उडवत्यात. तिथं कोन कोर्टात जात न्हाई. आमी तेवढं बाराच्या ठोक्याला सिस्टीम बंद करायची.’ खाली अंगठे, झेंडे, आणि एकाची चौकशी, ‘अक्का तिकडं कायमच्याच हाईत काय?’

त्याचा मुद्दा ढोबळ असला तरी वेडगळ नाही. मंडळाच्या बैठकांतून, चहाच्या टपरीवर, वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत तो हल्ली सगळीकडे असतो: जगभर लोक दणक्यात सण करतात, नियम मात्र आमच्याच सणाला. आणि या वेळी पुरावा मीच पुरवलेला. तेव्हा तो पुरावा नेमका कशाचा आहे हे सांगायची जबाबदारीही माझ्याकडेच येते.

सान मिगेल दे आयेंदे हे मध्य मेक्सिकोतलं, ग्वानाह्वातो राज्यातलं गाव. उंची जवळपास १९०० मीटर, स्पॅनिश अमलात १५४२ साली एका फ्रान्सिस्कन साधूने वसवलेलं. स्वातंत्र्यलढ्यातला सेनानी इग्नासिओ आयेंदे इथला, म्हणून १८२६ पासून गावाच्या नावात तो आहे. दगडी गल्ल्या, गेरू आणि हळदीच्या रंगांच्या भिंती, आणि चौकात पारोकिया, म्हणजे सेंट मायकेलचं गुलाबी दगडाचं चर्च. त्याची टोकदार दर्शनी बाजू १८८० च्या सुमारास सेफेरिनो गुतिएरेस या स्थानिक गवंड्याने उभारली. युरोपातल्या चर्चांची चित्रं बघून त्याने ती बेतली असं इथे सांगतात. २००८ पासून गाव युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. आम्ही मात्र वारशासाठी आलो नाही. या पट्ट्यात मोटारींचे कारखाने आहेत, सेलायाला होंडाचा, सालामांकाला माझदाचा, सिलाओला जनरल मोटर्सचा. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात नवरा कामाला, आणि राहायला सान मिगेल बरं, एवढाच हिशेब.

आता तो व्हिडिओ. २९ सप्टेंबर हा सेंट मायकेलचा दिवस, त्याच्या आगेमागेच्या शनिवारी पहाटे आलबोरादा असते. मध्यरात्रीनंतर एकेका वस्तीतून लोक निघतात. हातात काठीवर चढवलेल्या कागदी चांदण्या, आत दिवा, पुढे बँड. आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे. चौकात पोचून सेंट मायकेलला वाढदिवसाचं गाणं म्हणायचं, आणि चार वाजता चर्चच्या बाजूने आणि समोरून एकमेकांवर आतषबाजी सुरू. सेंट मायकेल आणि सैतान यांचं हे युद्ध तासभर चालतं. धुरात चर्च दिसेनासं होतं, ठिणग्या अंगावर येतात, पोरं त्या ठिणग्यांखाली नाचतात. ही प्रथा ला आउरोरा या कापडगिरणीच्या कामगारांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी पाडली. गिरणी १९९१ साली बंद पडली. तिथे आता चित्रांची दालनं आहेत आणि तिथल्या चित्रांच्या किमती मी फक्त वाचते.

शिवाय हा एक दिवस झाला. वर्षभर कुठल्या ना कुठल्या चॅपेलच्या संताचा सण असतो, आणि भल्या पहाटे कोएते सुटतात. वेताला बांधलेली दारू, हातात धरून पेटवायची आणि वर सोडायची. प्रकाश जवळजवळ नाही, नुसता धमाका. आम्ही सान अंतोनिओ वस्तीत नवे असताना मला वाटलं गोळीबार चाललाय. घरमालकीण म्हणाली, देवाला उठवतायत.

इथे अमेरिकन आणि कॅनेडियन लोक भरपूर. याची सुरुवात जुनी आहे. १९३७ साली शिकागोचा स्टर्लिंग डिकिन्सन आला आणि राहिला. पुढच्याच वर्षी फेलिपे कोसिओ देल पोमार या पेरूच्या चित्रकाराने इथे कलाशाळा काढली. महायुद्धानंतर अमेरिकी सरकारने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला, त्या पैशात मेक्सिकोत राजासारखं राहता येत होतं. १९४८ साली लाइफ या अमेरिकी साप्ताहिकात यावर सचित्र लेख आला, आणि मग रांग लागली. आज मध्यवस्तीतली बरीच घरं त्यांची किंवा हॉटेलांची आहेत. किमती डॉलरमध्ये सांगतात. ज्यांच्या आजोबांची ती घरं होती ते विकून गावाबाहेरच्या वस्त्यांत गेले.

या परदेशी मंडळींच्या जेवणाच्या टेबलावर कोएतेंचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. कुत्री घाबरतात, झोप मोडते, एकविसाव्या शतकात हे काय. त्यांच्यातल्या अनेकांबद्दल मला आदर आहे. परदेशी बायकांनी १९५० च्या दशकात सुरू केलेलं इथलं सार्वजनिक वाचनालय माझ्या मुलीचं दुसरं घर आहे. पण चर्चच्या पायथ्याशी घर घ्यायचं, कारण गाव ‘जिवंत’ वाटतं, आणि मग ते जिवंत आहे म्हणून पालिकेकडे अर्ज करायचा, हे मला झेपत नाही. ज्या लोकांनी परवडत नाही म्हणून गल्ली सोडली, ते वर्षातून काही पहाटे त्याच गल्लीत चांदण्या घेऊन परत येतात. तिथे मी खिडकीतून डोकं काढून ‘जरा हळू’ म्हणणार? मी भाडेकरू आहे. इथे माझं मत नाही, माझे पूर्वज नाहीत, माझ्या आईवडिलांनी या संताला कधी नवस बोललेला नाही. कानात बोळे घालते आणि गप्प बसते.

भाऊ इथेच घसरला. त्याला वाटलं, अक्का गप्प बसते म्हणजे तिला आवाज मान्य आहे.

आमचं कोल्हापूरचं घर मिरवणुकीच्या मार्गावर, मिरजकर तिकटी आणि बिनखांबी गणेश मंदिराच्या मधल्या भागात. तळात दुकानगाळा, वर माडी, माडीवर आई. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडकडे वळणारं प्रत्येक मंडळ तिच्या खिडकीखाली थांबतं. पूर्वी लेझीम, हलगी, झांजपथक थांबायचं. आता डॉल्बी थांबतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरांची भिंत, वर प्रखर दिव्यांचे झोत. काच थरथरते हे सगळ्यांना माहीत आहे, छातीत काय होतं ते साठी उलटलेल्यांना विचारावं. आई त्या गल्लीत सून म्हणून आली. गल्लीच्या गणपतीला पहिला नैवेद्य कित्येक वर्षं आमच्या घरचा होता. तिने तक्रार केली तर तिला काय ऐकायला मिळतं? ‘काकू, तरास होत असंल तर दोन दिस लेकीकडं जावा की.’ लेक मेक्सिकोत.

म्हणजे पाहा, सान मिगेलमध्ये तक्रार करणारा बाहेरून आलेला आणि आवाज करणारा घरचा. कोल्हापुरात तक्रार करणारी घरची, आणि आवाज भाड्याने आणलेला. भिंत बाहेरगावची, जनरेटर बाहेरगावचा, पैसे फ्लेक्सवर हात जोडून हसणाऱ्या नेत्याचे. डेसिबल दोन्हीकडे सारखेच असतील. इथल्या शांततेच्या मागणीत हाकलून दिलेल्यांना आणखी थोडं हाकलण्याचा वास येतो. आईच्या मागणीत तसं काही नाही. स्वतःच्या घरात झोपायचा तो साधा हक्क आहे, आणि तो कागदावरही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत. भावाला जी बाराची सक्ती वाटते ती मुळात दोन तासांची सूट आहे. आणि ‘आमच्याच सणाला’ म्हणावं तर या नियमांत धर्माचं नाव नाही. भोंगा कुणाचाही असो, आकडा तोच. अंमलबजावणी सारखी होत नाही ही तक्रार असेल तर ती करावी, मी सही करते. पण त्यावर उपाय म्हणून आपलाही आवाज वाढवायचा, हे काही मला पटत नाही.

शिवाय मेक्सिको हा दाखला भावाला वाटतो तितका त्याच्या बाजूचा नाही. याच गावात सप्टेंबरमध्ये सानमिगेलादा नावाचा प्रकार होता. स्पेनमधल्या पाम्प्लोनासारखे गल्ल्यांत बैल सोडायचे आणि पुढे पळायचं. १९७० च्या दशकात सुरू झालेला. मोठ्या शहरांतून तरुणांच्या झुंडी यायच्या, दारू पिऊन पडायच्या, गावाने घरं लावून घ्यायची. या शतकाच्या पहिल्या दशकात तो बंद केला गेला. हॉटेलवाले आणि बीअरवाले सोडले तर फारसं कुणी रडलं नाही. मला यात विशेष वाटतं ते असं, की पहाटेची आग ठेवणाऱ्या गावाने दुपारचे बैल बंद केले. आगीत भाजायची भीती कमी आहे म्हणून नव्हे. दारूगोळ्याची किंमत मेक्सिकोला नीट माहीत आहे, डिसेंबर २०१६ मध्ये तुल्तेपेकच्या फटाकाबाजारातल्या स्फोटात चाळीसहून जास्त माणसं गेली. पण आलबोरादाला कुठल्या वस्तीची चांदणी, कुणी वर्गणी काढली, कोण जबाबदार हे गल्लीला माहीत असतं. चॅपेलच्या सणाचा एक मायोर्दोमो असतो, आमच्या तालमीच्या, म्हणजे गल्लीच्या मंडळाच्या, अध्यक्षासारखा, फरक एवढाच की काही बिघडलं तर लोक त्याच्या दारात जातात. बैलांच्या दिवसाला असं दार नव्हतं.

आमच्या कोल्हापुरालाही हे जमत नाही असं नाही. पंचगंगेऐवजी इराणी खणीत, म्हणजे जुन्या दगडखाणीच्या पाण्यात, विसर्जन करायला लोक तयार झाले, घरगुती गणपती काहिलीत, म्हणजे पाण्याने भरलेल्या मोठ्या कढईत, सोडायला लागले. पहिल्यांदा हेही धर्मावर संकट वाटलं होतं. नदीसाठी जे जमलं ते आईच्या कानांसाठी का जमू नये?

इथलं सगळंच गोड आहे असं चित्र मात्र मला उभं करायचं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत येणारा मृतांचा सण सान मिगेलमध्ये आता बराचसा कॅमेऱ्यासाठी असतो. कवटीचा मेकअप करून देणाऱ्यांच्या टेबलांपुढे रांगा, हॉटेलच्या गच्चीवर तिकीट लावून जेवणं. राजधानीत तर या सणाची भव्य मिरवणूक २०१६ साली सुरू झाली, आणि ती का, तर आदल्या वर्षीच्या जेम्स बाँडच्या चित्रपटात तशी मिरवणूक दाखवली होती म्हणून. आधी पडद्यावर, मग रस्त्यावर. लग्नांचा धंदाही तसाच. मोहिगांगा म्हणजे कागदाच्या लगद्याच्या दोन माणसं उंचीच्या बाहुल्या, एरवी सणात नाचणाऱ्या, त्या टेक्ससहून आलेल्या नवरानवरीपुढे शनिवारी दोन-तीनदा नाचतात. बाहुलीच्या आत घामाने निथळणाऱ्या पोराला त्याचे पैसे मिळतात, म्हणून मी नाक मुरडत नाही. पण पाहायलाही जात नाही.

मला पाहायला आवडतो तो बिएर्नेस दे दोलोरेस, ईस्टरच्या आधीच्या रविवारअगोदरचा शुक्रवार. दुःखी मातेचा दिवस. घराघरात, खिडक्यांत, दिवाणखान्यात मेरीची आरास मांडतात. जांभळा कागद, संत्री, कॅमोमाइलची फुलं, आणि अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळसर कोंब, घटातल्या धान्यासारखे. संध्याकाळी दारं उघडी. लोक घरोघर फिरतात, दारात विचारतात, ‘माता रडली का?’ आणि तिची आसवं म्हणून हातात थंड सरबताचा पेला किंवा कुल्फी मिळते. पहिल्यांदा मी पेला हातात घेऊन उभी राहिले ती उभीच. मार्च-एप्रिलचे दिवस, उन्हाची तलखी, सजवलेली देवी, अनोळखी बाईच्या घरातलं आंबटगोड पाणी. आपल्याकडे याच सुमाराला चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं, आंब्याची डाळ आणि पन्हं. अमेरिकन, मेक्सिकन, सेलायाच्या कारखान्यातले जपानी, आम्ही, सगळे एका रांगेत. कुणाचीच झोप मोडत नाही. आणि हे मी त्याच ग्रुपवर टाकलं तेव्हा एक नमस्कार आला, मावशीचा. कुणी ते पुढे ढकललं नाही. वाद नसलेल्या सणाला आपल्याकडे कार्यकर्ते मिळत नाहीत. चैत्रगौरीला कुठला नेता फ्लेक्स लावतो?

भावाशी फोनवर बोलले. तो म्हणाला, ‘अक्का, परदेशात राहून सांगायला सोपं असतंय.’ ते खरं आहे. मी तिथे राहत नाही, माझ्या सल्ल्याला तेवढीच किंमत. म्हणून सल्ला बंद केला आणि आईला सांगितलं की तूच बोल.

ती बोललीही. तालमीची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली. आई वर्गणी दर वर्षी देते, या वर्षीही दिली, पण पावती हातात पडेपर्यंत पोरांना उभं ठेवून विचारलं, यातले सिस्टीमला किती जाणार? पोरं म्हणाली, ‘काकू, तुमचा एक रुपाया त्यात न्हाई. सिस्टीम सायबांकडनं हाय.’

‘मग त्या सायबाला सांगा,’ आई म्हणाली, ‘चतुर्दशीला झोपायला माझ्या माडीवर ये म्हणावं. गादी घालून ठेवते.’