प्रगणकाला परत पाठवू नका, त्याच्याकडे कागद मागा

पर्वरीला माझा भाऊ राहतो त्या सोसायटीनं बैठकीत ठराव केला: सरकारी पाहणीसाठी येणाऱ्या कोणालाही फाटकातून आत सोडायचं नाही. निमित्त होतं नमुना पाहणीच्या कर्मचाऱ्याचं. महिन्याला तांदूळ किती लागतो, मासळीवर किती खर्च होतो, विजेचं बिल किती येतं, असं तो घरोघरी विचारत होता. दादाचं म्हणणं सरळ आहे. "आम्ही कर भरतो, कायदा पाळतो. आम्ही काय खातो ते सरकारला कशाला सांगायचं?" डिचोलीकडच्या गावातली माझी मावशी याच माणसाला खुर्ची देते, चहा देते, पण मिळकतीचा प्रश्न आला की गप्प होते. तिच्या सुनेला गृहआधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, त्या योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि समोर बसलेला माणूस कुठल्या खात्याचा हे ओळखायला तिच्याकडे काही साधन नाही.

टोरांटोजवळच्या मिसिसागात बसून हे दोन्ही नकार ऐकताना मला ते एका मापाचे वाटत नाहीत. दादाचा नकार मला मुळीच पटत नाही. मावशीची भीती मात्र खरी आहे. सरकारी पाहणीला उत्तर देणं लोकांवर बंधनकारक असावं का, हा वाद सुरू व्हायचा तर तिच्या भीतीपासून व्हायला हवा.

माझं मत असं: बंधनकारक असावं, पण ज्या पाहणीत सरकारनं आधी स्वतःचे हात कायद्यानं बांधून घेतले आहेत तिथंच.

इथं कॅनडात ही गोष्ट प्रत्यक्ष करून पाहिली गेली आहे. जनगणनेचा लांब फॉर्म पूर्वी पाचांतल्या एका घराला यायचा आणि तो भरणं सक्तीचं होतं. २०१० मध्ये स्टीफन हार्पर यांच्या सरकारनं ती सक्ती काढून टाकली. घरात झोपायच्या खोल्या किती, हे नागरिकाला तुरुंगाची भीती घालून विचारू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऐकायला तो दादाच्या बोलण्याइतकाच रास्त वाटतो. देशाचे मुख्य सांख्यिकीतज्ज्ञ मुनीर शेख यांनी ऐच्छिक पाहणी सक्तीच्या जनगणनेची जागा घेऊ शकत नाही असं लिहून राजीनामा दिला.

२०११ ला तो फॉर्म ऐच्छिक झाला आणि अधिक घरांना, तिघांतल्या एकाला, पाठवला गेला. आधी ९४ टक्क्यांच्या आसपास असलेला प्रतिसाद ६८.६ टक्क्यांवर आला. देशातल्या सुमारे एक चतुर्थांश गावा-शहरांचे आकडे प्रसिद्धच करता आले नाहीत, इतके ते कच्चे होते. उत्तर न देणारे लोक सगळीकडे सारखे विखुरलेले असते तर गणितानं काही सावरता आलं असतं. तसे ते कधीच नसतात. ज्याला फॉर्मची भाषा येत नाही, जो दोन पाळ्यांत काम करतो, जो भाड्याच्या खोल्या बदलत राहतो, तो गळतो, आणि वरच्या टोकाला ज्याला कोणाची गरज नाही तोही गळतो. उरतो मधला, स्थिर घराचा माणूस, आणि धोरणं त्याच्याकडे पाहून आखली जातात. सरकार बदललं तेव्हा, २०१५ च्या नोव्हेंबरात, सक्ती परत आली. २०१६ ला फॉर्म भरण्यासाठी पहिल्याच दिवशी इतके लोक संकेतस्थळावर आले की ते बंद पडलं. लांब फॉर्मचा प्रतिसाद ९७.८ टक्के आला. पुढे २०१७ ला कायद्यातली तुरुंगाची शिक्षाही काढून टाकली. दंड राहिला, कर्तव्य राहिलं, धाक गेला. मला ही मांडणी योग्य वाटते.

गोव्यात आकडा चुकला की काय होतं ते आपल्याला ठाऊक असायला हवं. २००१ च्या जनगणनेत गोव्यातल्या अनुसूचित जमातींची लोकसंख्या ५६६ नोंदली गेली. २०११ ला तीच १,४९,२७५ झाली. मधल्या दहा वर्षांत माणसं बाहेरून आली नव्हती. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांचा समावेश अनुसूचित जमातींच्या यादीत २००३ ला झाला. पण मतदारसंघांची राखीवता जुन्या जनगणनेच्या आकड्यावर ठरली, म्हणून चाळीस जागांच्या विधानसभेत या समाजांसाठी एकही राखीव जागा नव्हती. ती वाट मोकळी करणारा कायदा संसदेनं २०२५ मध्ये केला. काणकोण, सांगे, केपे, धारबांदोडा इथल्या लोकांनी इतकी वर्षं ज्यासाठी मोर्चे काढले, त्याच्या मुळाशी एका तक्त्यातली एक ओळ होती. आपलं घर मोजलं गेलं काय, न गेलं काय, असं म्हणणाऱ्यानं ही ओळ डोळ्यांसमोर ठेवावी.

भाषेच्या रकान्याचंही तसंच. २०११ ला गोव्यात कोकणी मातृभाषा सांगणारे ६६ टक्के आणि मराठी सांगणारे ११ टक्क्यांच्या जवळपास होते. जनगणना जवळ आली की दोन्हीकडून आवाहनं निघतात. माझ्या माहेरी बोलणं कोकणीत, आरती-कीर्तन, वर्तमानपत्र आणि नाटकं मराठीत, असंच चालत आलं आहे, आणि अशी घरं फोंडा-पेडण्यात मोप आहेत. मातृभाषेनंतर येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवायची सोय जनगणनेत आहे. मातृभाषा सांगणाऱ्यानं सांगितली तशीच लिहायची, हा प्रगणकाला नियम आहे. तेव्हा दार बंद करून बसण्यापेक्षा दोन्ही भाषा लिहवून घ्याव्यात आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगावं.

आता मावशीची भीती. भारताच्या १९४८ च्या जनगणना कायद्यात उत्तर देणं बंधनकारक आहे, नकाराला १००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमानं ही माहिती कोणाला पाहता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. आठव्या कलमात तर आणखी एक सवलत आहे: घरातल्या बाईमाणसाचं नाव सांगायची कोणावर सक्ती नाही, आणि रूढीनं नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या स्त्रीला ते सांगायला भाग पाडता येत नाही. सक्ती करणाऱ्या माणसांनी समोरच्याची लाजभीड ओळखून तिला कायद्यात जागा दिली होती, याचं मला फार मोल वाटतं.

अडचण अशी की मावशीच्या उंबऱ्यावर येणारी माणसं दिसायला एकसारखी. हिवाळ्यात मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा फॉर्म घेऊन कोणी आलं. त्यात उत्तर दिलं नाही तर यादीतून नाव जाण्याची धास्ती. योजनेच्या पडताळणीला कोणी येतो, तिथं उत्तर दिलं तर पैसे बंद होण्याची धास्ती. भाडेकरूंच्या माहितीचा पोलिसांचा फॉर्म वेगळाच. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंदणी केलेल्या घरांना तर कुठलाही सरकारी प्रश्न आला की पोटात गोळा येतो. आणि मतदारयादीला आलेले शाळेतले मास्तर उद्या जनगणनेचा ॲप घेऊन येऊ शकतात. माणूस तोच, कागद बदललेला. २०२० ला ठरल्याप्रमाणे झालं असतं तर जनगणनेची पहिली पायरी असलेली घरयादी आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही एकाच फेरीत भरली गेली असती. पहिलीला जनगणना कायद्याचं कुलूप, दुसरी नागरिकत्वाच्या नियमांखालची, तिला ते कुलूप नाही. अशा वेळी लोकांनी दोन्हींना नकार द्यायचं ठरवलं तर दोष लोकांना देता येत नाही.

जर्मनीत हाच मुद्दा १९८३ ला त्यांच्या घटना न्यायालयापुढे गेला. जनगणनेची उत्तरं पालिकांच्या रहिवासी नोंदी दुरुस्त करायला वापरायची योजना होती. न्यायालयानं मोजणीचं कर्तव्य रद्द केलं नाही. मोजणीसाठी दिलेली माहिती कारभाराच्या वहीत जाता कामा नये, असं बजावलं. जनगणना थांबली, कायदा सुधारला आणि १९८७ ला ती पार पडली.

मी इथं नवी असताना श्रमशक्ती पाहणीसाठी आमचं घर निवडलं गेलं. ही पाहणीही कॅनडात सक्तीची, एकदा निवडलं की सहा महिने दर महिन्याला. तासाला पगार किती मिळतो, देशात कुठल्या वर्षी आलात, असे प्रश्न. कायम वास्तव्य मिळालं होतं तरी आपण बोललेलं कुठं जाईल, हा विचार माझ्या मनात होताच. विचारणाऱ्या बाईंनी मला आधी आलेल्या पत्राचं पहिलं पान काढायला सांगितलं. कुठल्या कायद्याखाली विचारतो, उत्तर सक्तीचं आहे, आणि हे उत्तर ना करखात्याला मिळेल ना इमिग्रेशनला, असं त्यावर लिहिलेलं होतं. उलट दिशेनं मात्र माहिती येते: २०१६ पासून जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत, ते करखात्याच्या नोंदींतून घेतात. गोव्यात खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधाला मानस, म्हणजे दारांची झडप, असते, भरतीचं खारं पाणी तिची दारं ढकलून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांतूनच बाहेर पडतं. माहितीला असं एकाच बाजूनं उघडणारं दार हवं.

इथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. २०१८ ला याच सांख्यिकी खात्यानं बँकांकडून पाच लाख लोकांच्या व्यवहारांचा तपशील मागितला, तेव्हा देशभर गहजब झाला आणि ते काम थांबवावं लागलं. जनगणनेच्या संगणकप्रणालीचं कंत्राट एका अमेरिकी शस्त्रास्त्र कंपनीकडे होतं म्हणून टोरांटोतल्या एका वृद्ध बाईंनी २०११ चा फॉर्म भरायला नकार दिला. खटला झाला, २०१३ ला, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्या सुटल्या. मला या दोन्ही घटनांत व्यवस्था जिवंत असल्याची खूण दिसते. लोक उत्तर देतात आणि पहाराही देतात.

शेजारच्या कर्नाटकात २०२५ च्या सप्टेंबरात सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयानं अंतरिम आदेशात सांगितलं की भाग घेणं ऐच्छिक आहे आणि तसं लोकांना कळवा. दादानं ती बातमी मला लगेच पाठवली, आपल्या बाजूचा निकाल म्हणून. माझं वाचन वेगळं आहे. त्या पाहणीमागं जनगणना कायद्यासारखी सक्ती आणि तसं कुलूप नव्हतं, म्हणून तिथं सक्ती नको हे बरोबरच आहे. त्यावरून प्रत्येक पाहणी ऐच्छिक ठरत नाही. भारतात २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा आहे, त्याखाली अधिसूचित पाहणीला माहिती नाकारली तर दंड आहे आणि दिलेली माहिती गुप्त ठेवण्याचं बंधनही आहे. तांदूळ-मासळी विचारणाऱ्या पाहणीतून महागाईच्या निर्देशांकात कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचं ते ठरतं. महागाई किती वाढली हे दादालाही त्याच आकड्यावरून कळतं. सोसायट्यांची फाटकं बंद राहिली की पाहणीवाले दुसरं घर घेतात. ते बहुधा दार उघडणाऱ्या साध्या वस्तीतलं असतं, आणि वरच्या थराचा खर्च आकड्यांतून निसटतो. आसगाव-शिवोलीच्या बंगल्यांत काय खर्च होतो हे कळलंच नाही, तर गोव्यातली विषमता कागदावर आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

२०२६ मध्ये गोव्यात घरयादी, २०२७ च्या फेब्रुवारीत माणसांची मोजणी, त्यात जातीची नोंदही. गोव्याच्या नियोजन व सांख्यिकी संचालनालयानं पंचायती आणि पालिकांमार्फत प्रत्येक घरी आधी एक पान पाठवावं, कोकणीत आणि मराठीत: कोण येणार, कुठल्या कायद्याखाली, उत्तर सक्तीचं की ऐच्छिक, आणि माहिती कुठल्या कुठल्या खात्याला मिळणार नाही. गृहआधार आणि पोलीस यांची नावं घालून लिहावं. मोघम गोपनीयतेच्या आश्वासनानं मावशीचं समाधान होणार नाही. योजनांची पडताळणी त्या आठवड्यांत बंद ठेवावी. सोसायट्यांनी हे पान आणि ओळखपत्र पाहून माणसाला आत सोडावं. पान नसेल तर खुशाल परत पाठवावं.

सरकारकडे आणखी एक मागणं आहे. ज्यानं उत्तर सक्तीनं घेतलं त्यानं निष्कर्ष दडवून ठेवायचे नाहीत. २०१७-१८ च्या खर्चपाहणीचे निष्कर्ष २०१९ ला रद्द करण्यात आले. त्याच वर्षी रोजगार पाहणीचा अहवाल अडला म्हणून पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी राष्ट्रीय सांख्यिकी आयोगातून बाहेर पडले. मुनीर शेख यांच्या राजीनाम्याइतकंच ते धैर्याचं होतं. हजारो घरांनी दिलेली उत्तरं आहेत ती, त्यांच्यावर मालकी मंत्रालयाची नाही. २०२१ ची जनगणना सहा वर्षं लांबली, तिचाही हिशेब कोणी दिलेला नाही.

म्हणून २०२७ चे आकडे कधी येणार याच्या तारखा मोजणीआधी जाहीर व्हाव्यात. आणि ते गावनिहाय यावेत. २०११ ला गोव्यातल्या पाचांतल्या एका घराच्या पुढं रिकामं असं लिहिलं गेलं. त्यांत आम्हा परदेशातल्यांची बंद घरं आहेत, दिल्ली-मुंबईच्या लोकांनी घेऊन ठेवलेली सदनिका आहेत. हा आकडा आज कुठं पोचला आहे, तो प्रत्येक पंचायतीनं रविवारच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. नव्या प्रकल्पांना परवाने, नळाचं पाणी आणि कचरा यांवर तिथं भांडण होतंच, ते या आकड्यावर व्हावं.