लिलीच्या कांद्याला फ्रिज नको

उन्हाळा लागला की बागप्रेमींच्या गटांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अमरिलिस, म्हणजेच मे फ्लॉवर, हे थंड देशांतले फूल आहे, म्हणून फुले ओसरताच त्याची सगळी पाने बुडापासून कापावीत, कांदा उपटून सहा आठवडे फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवावा आणि मग मोठ्या कुंडीत पूर्ण पुरून लावावा. एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका क्वचितच सापडतात.

पहिली चूक ओळखीची आहे. मे फ्लॉवर किंवा फुटबॉल लिली म्हणजे स्कॅडॉक्सस. हे झाड आफ्रिकेतले असून त्याच्या एका दांड्यावर असंख्य बारीक लाल फुलांचा चेंडू येतो. रोपवाटिकेत अमरिलिस म्हणून मिळते ते बहुधा हिपिॲस्ट्रम असते; ते दक्षिण अमेरिकेतले, आणि त्याच्या दांड्यावर भोंग्यासारखी दोन ते सहा मोठी फुले लागतात. खरे अमरिलिस दक्षिण आफ्रिकेतले असून १९८७ साली बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने ते नाव त्याच्याचसाठी राखून ठेवले. बाजाराने मात्र जुनी सवय सोडलेली नाही. शंका असल्यास वाळलेला दांडा कापून पाहावा: हिपिॲस्ट्रमचा पोकळ असतो, खऱ्या अमरिलिसचा भरीव. फुले नसतानाही फरक कळतो, कारण हिपिॲस्ट्रमची पाने पट्ट्यासारखी, समोरासमोरच्या दोन रांगांत येतात, तर मे फ्लॉवरची पाने रुंद, पातळ आणि मधोमध ठळक शीर असलेली असतात.

थंडीची अट मे फ्लॉवर आणि हिपिॲस्ट्रम या दोघांपैकी कोणालाच लागू नाही. ती ट्यूलिपची अट आहे. त्याला साधारण १२ ते १६ आठवडे गारवा लागतो, म्हणूनच तो श्रीनगरात बागा भरून फुलतो आणि पुण्याच्या गच्चीवर हट्टानेच फुलवावा लागतो. परदेशी व्यापारी हिपिॲस्ट्रमचे कांदे सुमारे १३ अंश तापमानात काही आठवडे ठेवतात हे खरे. पण तो खटाटोप ठरावीक सणाला फुले यावीत यासाठी असतो, आणि घरचा फ्रिज त्याहून कितीतरी गार, चार अंशांच्या आसपास असतो. आपल्या हवेत दिवाळीनंतर हळूहळू पाणी तोडून कुंडी सहा-आठ आठवडे कोरडी ठेवली, की पुरेशी विश्रांती होते, आणि तीही सक्तीची नाही.

सर्वांत घातक सल्ला पाने कापण्याचा आहे. गेल्या पावसाळ्यात माझा हिपिॲस्ट्रमचा एक कांदा तळाशी कुजला, तेव्हा फेकून देण्याआधी मी तो उभा चिरून पाहिला. पांढऱ्या पापुद्र्यांच्या मध्ये, कडेच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी एक चपटी, फिकट हिरवी कळी होती आणि आत मध्याकडे तिच्याहूनही लहान दुसरी. पुढची फुले कांद्यात अशी कित्येक महिने आधीच घडत असतात. साधारण दर चार पानांमागे एक दांडा असा या झाडाचा हिशेब असतो. म्हणजे फुले गेल्यानंतरची हिरवी पाने ही पुढच्या वर्षाची शिदोरी आहे. काढायचा तो फक्त वाळलेला फुलांचा दांडा. पाने आपणहून पिवळी पडेपर्यंत त्यांना ऊन आणि महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत द्यावे. ‘भरपूर पाने येतात, पण फूल येत नाही’ ही तक्रारही बहुतेक वेळा सावलीत ठेवलेल्या कुंडीची असते.

कुंडी मोठी नको. कांद्याभोवती दोन बोटे जागा पुरते, कारण जास्तीची माती जास्तीचे पाणी धरून ठेवते आणि आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये तेच कुजण्याचे मुख्य कारण ठरते. कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर राहू द्यावा.

आणि भाजीच्या कप्प्याविषयी आणखी एक. या कांद्यांमध्ये लायकोरिन नावाचा विषारी घटक असतो, तो पोटात गेल्यास उलट्या होतात, आणि कोरडी साल चढलेला हिपिॲस्ट्रमचा कांदा घाईच्या वेळी स्वयंपाकाच्या कांद्याहून वेगळा ओळखू येईलच असे नाही.